जखमेची बेमालूम शिवण

सोमवार, ४ मार्च
शिबिर नक्की झालं. लेक शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः तिला फोन करून कळवलं आणि लेकीने मला. बावीस मुलं, तीन दिवस, डोंगरातलं रान, दवाखाना गाडीने दोन तासांवर. वर्षभर ती या परवानगीच्या मागे होती. अट एकच. लेकीखेरीज प्रथमोपचाराची परीक्षा पास झालेली दोन मोठी माणसं सोबत हवीत. एक खेळाचे सर आहेत. दुसरं कोणी पुढे येत नाही. परीक्षा २३ तारखेला. दुसरं माणूस मिळालं नाही तर शिबिर रद्द.

म्हटलं, मिळालं असं समज. एकतीस वर्षं फाटलेलं जोडतोय. कापड काय आणि कातडी काय.

लेक म्हणाली, बाबा, नक्की ना? मी मुलांना सांगून बसलेय.

बायको म्हणाली, मी पण येते वर्गाला. येऊ दे. बॅटरी धरायला कोणी तरी लागतंच.

बुधवार, ६ मार्च
पहिला वर्ग. शिकवायला दवाखान्यातल्या सिस्टर. आवाज बारीक, पण मागच्या बाकापर्यंत पोचतो. विषय: रानात हाताशी काही नसताना जखम कशी बंद करायची. माझाच विषय.

पण बाई चाळीस मिनिटं पाण्यावरच बोलल्या. जखम धुवा. मग परत धुवा. पिण्याचं पाणी घ्या, पिशवीला भोक पाडा, पिळून धार मारा. जखम बंद करण्यावर शेवटची सात मिनिटं. कोणाला कशाची आवड असेल सांगता येत नाही.

मी त्या चाळीस मिनिटांत चिकटपट्टीचा पॅटर्न काढला. मध्ये निमुळती, दोन्ही टोकांना रुंद. बायकोने चार पानं लिहिली. तिला काय महत्त्वाचं ते वेगळं काढता येत नाही.

गुरुवार, ७ मार्च
संकल्प: रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एक तास सराव. खंड नाही.

केळ्याला दोन इंचांची चीर दिली. सहा पट्ट्यांत बंद केली. दोन हातांवरून बघितलं तर चीर दिसत नाही. बायकोला दाखवलं. म्हणाली, केळ्याला रक्त येत नाही.

टीका करणं सोपं असतं.

रविवार, १० मार्च
शुक्रवारी गिऱ्हाईक लवकर आलं. शनिवारी केळी नव्हती. आज रविवार. संकल्प उद्यापासून, दीड तासाचा.

मंगळवार, १२ मार्च
सराव कामातच मिसळावा असं ठरवलं, म्हणजे वेळ वाचतो. एका पँटचा फाटका खिसा दोऱ्याऐवजी पट्ट्यांनी जोडला. बारा पट्ट्या. अप्रतिम.

संध्याकाळी ६. पँटवाला परत आला. त्याच्या किल्ल्या खिशातून सरळ बुटात गेल्या. म्हणाला, मास्तर, हे काय चिकटवलंय? मी त्याला पट्टीची ओढ आणि त्वचेची लवचिकता समजावून सांगितली. तो म्हणाला, पण ही पँट आहे. मुद्दा त्याच्या लक्षात आला नाही.

बुधवार, १३ मार्च
दुसरा वर्ग. मी माझी बारीक सुई आणि रेशमी दोरा नेला होता. सिस्टरनी पेटीतच परत ठेवायला लावला. रानात कोणी कोणाला टाके घालायचे नाहीत, म्हणाल्या. मी विचारलं, हात चांगला असला तरी? त्या म्हणाल्या, हात चांगला असला तर जास्तच भीती, माणसाला राहवत नाही.

हे मी कौतुक समजतो.

आणखी म्हणाल्या, चावा, खोल जखम, मळलेली जखम बंदच करायची नाही. धुवायची, ओली स्वच्छ पट्टी, वरून बांधायचं आणि माणूस दवाखान्यात न्यायचा. म्हणजे काही करायचंच नाही म्हणा की. बायको मान डोलवत होती.

शुक्रवार, १५ मार्च
डोक्यावरची जखम केसांनीच बंद करता येते. दोन्ही बाजूंची एकेक बट घ्यायची, जखमेवर पीळ द्यायचा, पिळावर गोंदाचा एक थेंब. सिस्टरनी फक्त तोंडी सांगितलं होतं. मी प्रत्यक्ष करायचं ठरवलं.

मेव्हणा जेवायला आला होता. केस दाट. म्हटलं, दोन मिनिटं बस. तो म्हणाला, भावजी, चार वाजता माझी साहेबाबरोबर मीटिंग आहे. म्हटलं, तोवर सुटेल.

गोंद दुकानातला घेतला. बुटाचे तळ चिकटवायचा. एक थेंब म्हणजे किती हे बाटली ठरवते, आपण नाही.

दुपारी ३.१५. मेव्हणा सलूनमध्ये.

दुपारी ३.५०. सलूनवाल्याचा फोन. विचारतोय, मधलं काढलं तर बाजूचं ठेवायचं कशाला?

तंत्र मात्र शंभर टक्के यशस्वी. पीळ शेवटपर्यंत सुटला नाही.

शनिवार, १६ मार्च
बायको माझ्याशी बोलत नाही. सरावाला शांतता मिळाली. झोपलो.

मंगळवार, १९ मार्च
बायकोने माझ्या चांगल्यातल्या सुईने पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं आणि मागच्या अंगणात चिखलात लोळवलेल्या बटाट्यांवर तासभर धार मारत बसली. बटाट्याला आधी सुरीने चिरा दिल्या होत्या. चिरेतला चिखल निघतो का ते बघत होती. मी म्हटलं, अगं, परीक्षा भांडी घासायची नाही. ती म्हणाली, तुमचं तुम्ही बघा.

लेकीचा फोन. मुलांनी पाठपिशव्या भरायलाही घेतल्या म्हणे. एका मुलीने दहा दिवस आधीच झोपायची चटई गुंडाळून दारात ठेवली आहे. बाबा, तयारी कशी आहे? म्हटलं, काळजी आईची वाटते. माझी नाही.

शनिवार, २३ मार्च
परीक्षा. सविस्तर लिहितो, पुढे कामाला येईल.

प्रत्येकाला फोमचा एकेक हात दिला. त्यावर तीन इंचांची जखम, आत माती आणि बारीक खडे. शेजारी पाण्याच्या बाटल्या, कापड, पट्ट्या. वेळ वीस मिनिटं.

मी चार मिनिटांत संपवलं. अकरा पट्ट्या. अंतर सगळीकडे सारखं, मोजून. कड कडेला अशी लागली की जखम होती कुठे, हे मलाच शोधावं लागलं. याला बेमालूम म्हणतात. उरलेली सोळा मिनिटं हाताची घडी घालून बसलो.

सिस्टर माझ्या टेबलापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग सगळ्यांना जवळ बोलावलं. म्हणाल्या, इतकं सुबक काम मी वीस वर्षांत पाहिलं नाही. मी उभा राहिलो. मग त्यांनी नखाने एक पट्टी उचलली, दुसरी उचलली, आणि हात जरा दाबला. आतून माती आणि खडे आले.

विचारलं, माती कुठे गेली होती?

म्हटलं, आत. खरं तेच सांगितलं. आमच्या धंद्यात वाईट दिसेल ते आत दुमडायचं. कच्ची कड, दोऱ्याच्या गाठी, जोड दिलेला तुकडा, सगळं आत. बाहेरून साफ दिसलं की झालं.

सिस्टर म्हणाल्या, मास्तर, शर्टाला ताप येत नाही.

वर्ग हसला. मीही हसलो. परीक्षकांशी संबंध चांगले हवेत.

बायकोचं बघून वाईट वाटलं. वीस मिनिटांपैकी पंधरा ती धारच मारत होती. चार बाटल्या संपल्या, पाचवी मागितली, टेबलाखाली तळं झालं. आणि शेवटी जखम बंद केलीच नाही. ओली पट्टी ठेवली, वरून बांधलं आणि त्यावर पेनाने वेळ लिहिली. घरी येताना तिचं सांत्वन केलं. ती म्हणाली, भूक लागलीय.

निकाल सोमवारी.

सोमवार, २५ मार्च
निकाल लागला. सिस्टरनी शाळेला कळवला, शाळेने लेकीला.

घरातून एक जण पास. म्हणजे पन्नास टक्के.

लेक धावतच घरी आली. शिबिर होणार, होणार, असं म्हणत आईच्या गळ्यात पडली. रडत होती. शिबिर रद्द होऊ शकतं हे मुलांना अजून सांगितलं नव्हतं म्हणाली, दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. हे मला माहीत नव्हतं. विचारलं, मला का नाही बोललीस? म्हणाली, बाबा, तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात.

मी थोडा वेळ बाहेर जाऊन आलो.

विचार करता असं वाटतं की, मी नाव दिलं नसतं तर बायको वर्गाला आलीच नसती. तेव्हा शिबिर कोणामुळे वाचलं हे उघड आहे. लेकीला तसं सुचवलं. ती म्हणाली, हो बाबा, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी मी तिच्या पाठीवरून फिरवायचो तसा.

मी खास सल्लागार म्हणून येऊ का विचारलं. बसमध्ये जागा नाही.

गुरुवार, २८ मार्च
शाळेने प्रथमोपचाराचं लाल जाकीट पाठवलं. बायकोला ढगळ. म्हणाली, दोन्ही बाजूंनी जरा आत घ्या. हे काम तरी माझं. कापताना मोठी कात्री डाव्या तळहातात घुसली. अंगठ्याच्या खाली, दीड इंच. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

बायकोने आधी दाबून धरलं, माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत. मग मोरीपाशी बसवून धार. मी म्हटलं, पाच पट्ट्या लाव, अंतर मी सांगतो. ती म्हणाली, कात्रीला खडूची भुकटी आहे, तेल आहे, बंद करायची नाही. बोलू नका. म्हटलं, दुखतंय. म्हणाली, दुखणारच.

अर्धी बादली भरली. पाण्यात खरंच खडू आला. निळा. मग तिने हात बांधला आणि दवाखान्यात नेलं. सिस्टरनी पट्टी सोडून पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि बायकोला म्हणाल्या, मला करायला काही ठेवलं नाहीस.

जाकीट बायकोने स्वतःच आत घेतलं. धावदोरा वाकडा आहे. तसाच राहू दिला.

उद्या सकाळी सहाला बस. बावीस मुलं, लेक, खेळाचे सर आणि ती.

मला शनिवारी दहाला सिस्टरकडे पट्टी बदलायची आहे. त्याच वेळी नव्या मंडळींचा पहिला वर्ग आहे. सिस्टरनी विचारलं, वर्गातच याल का? शेवटी बोलावलंच. पुढच्या बाकावर बसायचं आहे, पट्टी सोडलेला हात सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवून. बोलायचं नाही.