शुक्रवारी पारा उतरतो

१९ मार्च, गुरुवार. पाडवा.

नवं वर्ष, नवी वही, थर्मामीटर जुनाच. संकल्प : यंदाच्या उन्हाळ्यात एकही रीडिंग चुकवायचं नाही. सकाळी सहा, दुपारी अडीच, संध्याकाळी सात. भांड्यांचं दुकान काय, बापजाद्यांपासून चालतंच आहे, माझ्याशिवायही चालेल. हवामानाला मात्र माणूस लागतो. निलंग्यात तो माणूस मी आहे.

चार उन्हाळ्यांचा रेकॉर्ड माझ्याकडे आहे. २०२२ ची सरासरी ३७. २०२३ ला एकदम ४१. उडी! ही उडी कोणत्या दिवशी आली तेसुद्धा मी सांगू शकतो. आमच्या पाठीला पाठ लावून लालमहंमदची बेकरी आहे, तिचं तोंड पलीकडच्या गल्लीत. त्यानं नवी भट्टी बांधली, उद्घाटनाला मला बोलावलं. नानकटाई खाल्ली, घरी येऊन पारा बघितला तर ४३! तेव्हापासून खाली यायचं नाव नाही. ट्रेंड असा पकडावा लागतो, बारीक नजर ठेवून.

थर्मामीटर मागच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, भिंतीवर. सहा इंची खिळा मी स्वतः ठोकलेला. मजबूत काम.

२४ मार्च, मंगळवार.

अडीचचं रीडिंग झोपेत गेलं. अंदाजानं ४३ लिहिलं. अनुभवी माणसाचा अंदाज म्हणजे रीडिंगच. रत्नम्माला तसं समजावलं. ती म्हणाली, मग त्यो काचंचा दांडा कशाला टांगून ठेवलाव भिताडाला? बायकोला विज्ञान सांगू नये. उद्यापासून अलार्म.

२५ मार्च, बुधवार.

अलार्म वाजला म्हणे. ४३ (अंदाजे).

२७ मार्च, शुक्रवार. दुपारी ३.

मोठी गोष्ट झाली आहे. काल ४३, आज ३६! ऊन तेच, वारा तोच. जुन्या वह्या काढल्या, दुकान अर्ध्यावर सोडून. २०२३, २४, २५, एकूण एक शुक्रवार बघितला. दर शुक्रवारी पारा उतरतो! शनिवारी परत वर. हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

कारण अजून सापडलेलं नाही. आधी शोध लागतो, कारण मागाहून येतं. तूर्त असं धरून चालतो की आठवडाभर तापून हवा दमत असावी.

शोध माझा, नाव माझं : विरूपाक्ष इफेक्ट.

३० मार्च, सोमवार.

टीव्हीवर आपल्या भागाचं तापमान ३९ सांगितलं. माझ्याकडे ४४. चौकशी केली तर कळलं, त्यांचा थर्मामीटर पांढऱ्या पेटीत असतो, जमिनीपासून उंच, चारी बाजूंनी वारा खात. बसून खाणारा काय खरं बोलणार.

साडू महांतेश, अर्धापूरचा, केळीवाला, त्यानंही माझं बघून थर्मामीटर घेतलाय आणि रोज फोटो पाठवतो. आज त्याच्याकडे ३६. टांगलाय कुठं, तर केळीच्या बागेत! हसून हसून पोट दुखलं. रत्नम्माला म्हटलं, हे म्हणजे फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून मराठवाड्याचं हवामान सांगणं झालं. यंत्र कुठं टांगावं एवढी साधी गोष्ट माणसाला कळू नये?

५ एप्रिल, रविवार.

आमच्या लेकीच्या, मंजूच्या लग्नाच्या तारखा घेऊन स्वामी आले. मुलगा नांदेडचा, संगमेश, पाटबंधाऱ्यात इंजिनियर. सतरा मेपासून अधिक महिना, त्यामुळे त्याआधीच उरकायचं. दोन मुहूर्त निघाले. शुक्रवार आठ मे, दुपारी बारा पस्तीस. किंवा रविवार दहा मे, संध्याकाळी गोरज. मैदानात मंडप.

सगळे एका तोंडानं म्हणाले, गोरज. मी म्हटलं, थांबा. वह्या आणल्या आणि सगळ्यांसमोर मांडल्या.

रत्नम्मा म्हणाली, मे महिन्यात भर दुपारी अक्षता? माणसं काय पापड हायती का वाळवायला? स्वामी हसले. मी त्यांनाही २०२४ ची वही दाखवली. रविवारची सरासरी ४४, शुक्रवारची ३६. संध्याकाळी सातलासुद्धा रविवारी ४२ असतं! भिंत अक्षरशः भट्टीसारखी तापलेली असते. मुहूर्त पंचांगानं काढावा, पण निवडावा आकड्यांनी.

मंजूला संध्याकाळच हवी होती, चेहऱ्यावरून कळत होतं. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, अप्पा, तुम्ही चार वर्षं लिहून राहिलाव, तुम्हाला माहीत असंल. शुक्रवार करू.

या पोरीनं लहानपणी एकदा विहिरीच्या काठावरून माझ्या भरवशावर उडी मारली होती. तेव्हा मलाही पोहता येत नव्हतं. कुणाला सांगितलं नाही. हे लग्न थंडगार पार पाडायचं. पाडायचंच.

१७ एप्रिल, शुक्रवार.

३७! बघा.

सकाळी चहाबरोबर पाव नव्हता. रत्नम्मा म्हणाली, आज जुम्मा, लालमहंमदची बेकरी बंद ऱ्हाते. दर शुक्रवारचं रडगाणं. असल्या घरगुती गोष्टी या वहीत येता कामा नयेत.

२० एप्रिल, सोमवार. बसव जयंती.

मिरवणुकीत चारचौघांना विरूपाक्ष इफेक्ट सांगितला. दोघं ऐकत होते, दोघं सरबताच्या टेबलाकडे गेले. नंतर ऐकणारेही तिकडेच गेले. शोध लावणाऱ्यानं धीर धरावा.

सकाळी सहाला खिळ्याला चुकून बोट लागलं. चटका! कोवळ्या उन्हात, सावलीत, लोखंड एवढं तापतं? परिस्थिती हाताबाहेर चालली आहे. हवेला हल्ली एक खमंग वासही येतो. माती भाजत असावी.

१ मे, शुक्रवार.

३७. एकदम सुखद.

रत्नम्मा म्हणाली, आजच्यावाणी ऊन यंदा पडलं न्हाई. दुकानात एकजण पाण्याचा माठ विचारायला आला आणि पंख्याखाली बसला तो उठेना. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. माझ्याही बनियनचा पिळा निघाला. पण अंगाला काय वाटतं यावर जायचं नसतं. अंगाला आकडे वाचता येत नाहीत.

मंडपवाल्यानं कूलर किती लावू विचारलं. म्हटलं, शुक्रवार आहे, कूलर कशाला?

६ मे, बुधवार.

पाहुण्यांना द्यायला नानकटाई. वळसा घालून लालमहंमदकडे गेलो. गल्ल्यापाशीच ऑर्डर दिली. तो म्हणाला, गुरुवारी रात्री काढून ठेवतो शेटजी, शुक्रवारी आपली भट्टी बंद. मी म्हटलं, चालणार नाही, ताजीच पाहिजे, त्याच दिवशीची. त्यानं दाढी खाजवली. मग म्हणाला, मंजूबेटी आमच्या अलीझाबरोबर एका बाकावर शिकली. तिच्यासाठी एक जुम्मा पेटवतो भट्टी. फजरलाच, पहाटे लावतो, दुपारच्या नमाजच्या आत माल देतो.

लाख माणूस. बारा वर्षांत त्यानं शुक्रवारी कधी भट्टी लावलेली नाही. माझ्या शब्दाखातर लावतोय.

७ मे, गुरुवार.

महांतेश टेम्पो भरून केळीचे खांब आणि पानं घेऊन आला. घड वेगळे. म्हणाला, साडूभाऊ, मंडपाला लावू. एवढी? चार खांब दाराला पुरे होते. याला शहरी सजावट कळत नाही. पण पाहुणा माणूस, काय बोलणार. संध्याकाळभर गडी लावून मंडपाचं छत पानांनी भरत बसलाय. थर्मामीटरही खिशात घालून आणलाय. मी हसलो फक्त.

८ मे, शुक्रवार. सकाळी ६.

४४.

सकाळी ६.०५.

४४. थर्मामीटर काढून जोरात झटकला, तापाचा झटकतात तसा. परत टांगला. खिळ्याचा चटका बसला.

सकाळी ६.२०.

४५! शुक्रवारी! चार वर्षांत असं झालं नाही. नेमकं आज? हवेला कुणी फितवलं? हळद लावलेली मंजू दारातून विचारून गेली, अप्पा, किती हाय? मी म्हटलं, उतरतंय.

पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोललो. म्हणजे विहिरीनंतर.

सकाळी ७.

रत्नम्मा म्हणते नानकटाई घेऊन या. जातो. डोकं चालत नाही. त्यातून तो खमंग वास आज जास्तच आहे.

९ मे, शनिवार.

काल लिहायला जमलं नाही. आता क्रमानं लिहितो.

सात वाजता लालमहंमदकडे गेलो. गल्ल्यावर कुणी नव्हतं, त्यानं आतून हाक मारली, या शेटजी, आत या. इतक्या वर्षांत भट्टीच्या खोलीत मी उद्घाटनानंतर गेलो नव्हतो. तो घामानं निथळत नानकटाईचे पत्रे ओढत होता. भट्टीच्या वर, भिंतीतून एक खिळ्याचं टोक बाहेर आलेलं. त्यावर त्याचं फडकं वाळत घातलेलं.

मी त्या टोकाकडे बघतच राहिलो. त्याला वाटलं मला फडकं पाहिजे. काढून दिलं, म्हणाला, पुसा तोंड. मग म्हणाला, भट्टी बांधताना गवंडी बोलला, भिंतीत आयता खिळा हाय, ऱ्हाऊ द्या. कुनी ठोकला अल्लाला ठाऊक, पण लई कामाचा हाय.

भिंत चार इंची. खिळा सहा इंची. वजाबाकी मला येते.

मी तोंड पुसलं, नानकटाई उचलली आणि आलो. वाटेत दोन खाल्ल्या. काय करणार.

साडेबाराला मैदानात उभं राहवत नव्हतं. महांतेशनं मंडपाबाहेर थर्मामीटर धरला : ४३. व्याह्यांनी फेटा काढून पिण्याच्या पाण्याच्या घागरीत बुचकळला आणि परत घातला. घागर आमच्याच दुकानातली. स्वामींनी मंत्र असे पळवले की जणू पुढच्या बसला जायचंय. मी प्रत्येकाच्या नजरेला नजर देणं टाळत होतो. वऱ्हाडातली एक म्हातारी मोठ्यानं विचारत होती, ह्यो मुहूर्त कुनी धरला वं?

पण मंडपाच्या आत, त्या पानांखाली, बरं होतं. महांतेशनं पहाटेपासून गडी लावून छतावर पाणी मारलं होतं. सगळं वऱ्हाड केळीच्या पानांखाली दाटीनं बसलं. त्यानं आत थर्मामीटर टांगला आणि मला खूण केली : ३६. तोच ३६, ज्याला मी महिनाभर हसलो. चिडवलं नाही त्यानं. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

त्याला विचारलं, तुला कसं सुचलं? म्हणाला, साडूभाऊ, दुपारचं लग्न तुम्ही धरलंव कळलं, तवाच पानं कापायला सांगितली.

कुणाला चक्कर आली नाही. जेवणं झाली. लोक ताट घेऊन सावलीबरोबर सरकत होते, पंगत बसली पश्चिमेला आणि उठली पूर्वेला. नानकटाई एक उरली नाही.

निघताना मंजू गळ्यात पडली. मी सांगणारच होतो, खिळ्याचं, भट्टीचं, सगळं. तीच आधी म्हणाली, अप्पा, शुक्रवार होता म्हणून एवढ्यावर भागलं. रविवार असता तर मेलो असतो सगळे.

मला रडू आलं. लोकांना वाटलं पोरीसाठी. तेही होतंच.

१० मे, रविवार. संध्याकाळ.

आज गोरज मुहूर्ताची वेळ. आभाळ भरून आलं, वाऱ्याची झुळूक सुटली, कडुनिंब सळसळतोय. यंदाच्या उन्हाळ्यातली सगळ्यात छान संध्याकाळ. रत्नम्मा अंगणात येऊन बसली. नुसता पदर सोडून वारा घेत बसली, बराच वेळ, माझ्याकडे तोंड करून.

सकाळी खिळा उपटला. भोकातून लालमहंमद ओरडला, अरे, आमचा खिळा कुठं गेला! परत ठोकून दिला. थर्मामीटर कपाटात.

चार वर्षांच्या वह्या चाळल्या. लालमहंमदनं कधी किती पाव भाजले याची एवढी पक्की नोंद जगात दुसरी नसेल. उन्हाळा वाढत चाललाय, परवा सगळ्यांनी अंगावर घेतला, वादच नाही. फक्त त्याचा पुरावा तेवढा माझ्याकडे नाही.

आत्ता मंजूचा फोन. नांदेडहून. सासरी गच्चीवर सगळे बसलेत, संगमेश विचारतोय, अप्पांना विचार आज तापमान किती. फोन स्पीकरवर होता. आकडा अगदी जिभेवर आला होता. गिळला. म्हटलं, बाळा, माझं राहू दे, तुला कसं वाटतंय ते सांग. ती म्हणाली, लई छान वाटून राहिलंय अप्पा.

फोन ठेवला. रीडिंग : छान.

३३ (अंदाजे).