गिरणीचा चुंबक सोडा

पुणे, मार्च २००८

सरिताच्या आजोबांना, मुक्काम जवळा बाजार, माझा जयभीम. मी बोलून राहिले, सरिता लिहून राहिली. फोनवर तुमी ऐकत न्हाई, म्हणून कागद.

तिच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गुडघ्यात नव्या पेशी सोडतात. आधी पेशींना लोखंडाचा बारीक भुगा चारतात, मग बाहेरून चुंबक लावून त्यांना दुखऱ्या जागी ओढतात. हे ऐकून तुमी आपल्या गिरणीतला, धान्यातले खिळे ओढायचा चुंबक गुडघ्याला बांधला म्हणे.

अवो, तुमाला भुगा कोणी चारला? सोडा तो. गिऱ्हाईक खिळे खाऊन राहिलं असंल.

माणसांपर्यंत हे यायला लई वरसं लागतील, हे लिहिताना पोरीचा हात थांबला. तुमच्याच गुडघ्यापायी ती यात शिरली.

तवर डॉक्टरनं दिलेली काठी घ्या. भाकर खाता ना बराबर?

मी गावी परतले की मला घ्यायला फाट्यावर काठी टेकत या. मी हसणार न्हाई. हसले तर पदराआड.

तुमची सोजरा