तळ्याचा माज

आई, शेवाळ मारायला आपल्या तळ्यात मोरचूद टाकायचं काल रद्द झालं. पंचायतीच्या ओट्यावर गोण्या येऊन पडल्या होत्या, रविवारचा दिवसही ठरला होता. काल ग्रामसभेत मी उभी राहिले आणि ते थांबलं. तू गेल्याला वीसेक वर्षं झाली, एवढ्या काळात तुला सांगण्यासारखं बरंच घडलं, पण मी कधी लिहायला बसले नाही. आज मात्र उठल्यावर चहासुद्धा न टाकता वही ओढली. तुझी लेक काल बरी वागली, हे तुला कुणीतरी सांगायला हवं आणि ते मीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तू म्हणशील, "आसंल, त्यात काय येवढं!"

तळ्यावरची पहाट तुझी होती. मी अजून गोधडीत आहे आणि तू कोथिंबीर, शेपू, पालकाच्या जुड्या घेऊन काठावरच्या दगडांवर बसली आहेस. नाशिकच्या मार्केटचा टेम्पो यायच्या आत सगळं धुऊन व्हायला हवं. तू आधी पाण्यात हात घालतेस, मग तो नाकाशी नेतेस. वास पटला तर धुवायला सुरुवात, नाहीतर "माजलंय आज" म्हणून सगळा माल उचलून विहिरीवर. तळ्याला कसला आलाय माज, म्हणून मी तुला हसायचे. तू म्हणायचीस, "खायला जास्ती झालं का कुणालाबी येतो. बैलाला येतो, माणसाला येतो, तळ्याला का नाय येणार?" पुढं कॉलेजात त्याला सुपोषण म्हणतात असं कळलं. शेतातलं खत आणि गटाराचं पाणी तळ्यात उतरतं, त्यावर शेवाळ पोसतं आणि हाताबाहेर जातं. सरांनी ते समजावण्यात अर्धा तास घालवला. आमची आई हे एका शब्दात सांगते, असं मागच्या बाकावरून ओरडावंसं वाटलं होतं, पण तेवढी छाती झाली नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची ती दुपार आठवते? मी कॉलेजातून बाटल्या, ड्रॉपर आणि ॲसिडची कुपी आणली आहे आणि तुझ्या स्वयंपाकघरात, चुलीपासून लांब, पाटावर प्रयोगशाळा मांडली आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा आहे. त्यासाठी लागणारा स्टार्च मी विसरून आले होते. "म्हंजे खळच ना?" म्हणत तू साबुदाण्याची पातळ खळ करून दिलीस. रसायनं घालून पिवळ्या झालेल्या पाण्यात ती पडल्याबरोबर बाटली गर्द निळी झाली आणि तू "आगं बया" म्हणत मागे सरकलीस. मग मी थेंब थेंब दुसरं द्रावण सोडत गेले. निळा रंग जायला जितके थेंब जास्त, तितका प्राणवायू जास्त. थेंब संपता संपेनात. मी ऐटीत जाहीर केलं, तळं ठणठणीत आहे, हिरवं दिसतंय ते नुसतं वरवरचं. तू विचारलंस, "कव्हाचं पाणी हे?" दुपारचं, मी म्हणाले. तुझा आवाज चढला. "दुपारी कोणीबी हसूनच बोलतं. पहाटं जाऊन बघ, मासे कसे तोंड वर काढून राहता ते. आर्धं बघून पुरं नको बोलू."

पुस्तकात हे होतंच. शेवाळ उजेडात प्राणवायू सोडतं आणि अंधारात तोच ओढून घेतं, म्हणून उजाडायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. परीक्षेत मी ते आकृतीसकट लिहिलं असतं. आपल्या तळ्यावर पहाटे जाऊन बघावं, एवढं मात्र सुचलं नव्हतं.

आणि वर शहाणपण असं, की उपायही मीच सांगितला. आपला सगळा द्राक्षांचा मुलूख. बोर्डो मारला की वेलीवरची बुरशी आटोक्यात येते हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मग तळ्यातलं शेवाळ मोरचुदानं का जाणार नाही? आपल्याकडे फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात, त्यामुळे तळ्याला औषध द्यायचं म्हटल्यावर कुणाला वावगं वाटलं नाही. त्यात गावातली सायन्स शिकणारी पहिली मुलगी सांगते आहे. दोघांनी गोणपाटात मोरचूद बांधलं आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून ते तळंभर ओढत नेलं. दोन दिवसांत पाणी निवळलं. लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी देत होते. तू तेवढी काही बोलली नाहीस, आणि त्याचा मला राग आला होता.

चौथ्या पहाटे तू मला हलवून उठवलंस आणि तळ्यावर नेलंस. मेलेलं शेवाळ तळाशी बसून कुजलं होतं, आणि कुजता कुजता पाण्यातला होता नव्हता तो प्राणवायू त्यात गेला होता. काठाला मासेच मासे, पांढरी पोटं वर. उजाडेपर्यंत गाव जमलं. हे कशानं झालं, असं कुणीतरी विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या वर्षी आपल्या गावातल्या आणखी तीन मुली कॉलेजात जायच्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांचे बाप कसेबसे तयार झाले होते. तू पदर खोचलास आणि पुढं होऊन म्हणालीस, "माझ्या हातून झालं. फवारणीचं पिंप मीच धुतलं काल इथं. ध्यान नाय राहिलं."

लोक तुला काय काय बोलले. कितीतरी दिवस बायका तुझ्या शेजारी जुड्या धुवायला बसेनात. त्या तिघी मुली मात्र कॉलेजात गेल्या. मला तू एकदाच म्हणालीस, "तळ्याला खायला कोण घालतं ते बघ आधी. मारायचं काय त्याला."

मी तेच बघत आले आहे. आता मी नाशिकच्या कॉलेजात शिकवते. वर्गातल्या मुलांना उजाडायच्या आधी तळ्यावर उभं करते. ती कुरकुरतात, हातातल्या मीटरवरचे आकडे टिपतात, ओझरकडून एखादं विमान उठलं की पाणी सोडून वर बघतात. कुठल्या बागेतून खताचं पाणी उतरतं, कुठलं गटार येऊन मिळतं, ते आम्ही पायी फिरून शोधलं. गटार वळवून घेतलं, त्याच्या वाटेवर खत शोषून घ्यायला कर्दळ लावली. तरी तळं अधूनमधून हिरवं होतंच. आपलं तळं उथळ, मधोमधसुद्धा छातीएवढं पाणी. वारा सुटला की तळचा गाळ ढवळतो आणि त्यात वर्षानुवर्षं साठलेलं खत पुन्हा वर येतं. इतक्या वर्षांचा माज एका उन्हाळ्यात उतरत नाही, हे लोकांना सांगून माझा घसा बसला. सरपंच आता त्या तिघींपैकीच एकीची लेक आहे. मोठी कामाची मुलगी, पण तिलाही घाई झाली आणि तिनं मोरचूद मागवलं.

काल सभेत मी म्हणाले, मोरचुदानं मासे मरतील, मागे मेले होते. त्यावर एक म्हातारे बागायतदार उठले. "मॅडम, तुम्ही शिकेल हे, पण गावाला माहीत हे. मासे मेले ते तुमच्या आईच्या पिंपामुळं. मोरचुदाला कशाला नावं ठेवता?" मी गप्प बसले असते तर तुझ्या त्या खोट्यानंच रविवारी तळं दुसऱ्यांदा मेलं असतं. मी म्हणाले, "आईनं कुठलंही पिंप धुतलं नव्हतं. मोरचूद टाकायला मी लावलं, मासे मी मारले. तिनं ते स्वतःच्या अंगावर घेतलं." मग मी फळ्यावर प्राणवायूचे दुपारचे आकडे लिहिले, शेजारी पहाटेचे लिहिले, पहाटे आधीच एवढा कमी तर मेलेलं शेवाळ कुजल्यावर काय उरेल ते विचारलं, आणि ही दुपार-पहाट मला कुणी शिकवली तेही सांगितलं. सरपंच पोरगी उठून फळ्यापाशी आली आणि म्हणाली, "गोण्या परत पाठवा." बाहेर पडताना ते म्हातारे माझ्यापाशी थांबले. "लय बोललो आम्ही त्या माउलीला. आन ती ऐकून घ्यायची." मला काल जेवढा अभिमान वाटला तेवढा पदवी घेतानाही वाटला नव्हता. त्यात माझा वाटा थोडा होता, बाकी सगळा तुझा.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून आणखी एक लिहून टाकते. मासे मेले त्या दिवशी मी गप्प का राहिले, असं सभेनंतर सरपंच मुलीनं मला विचारलं. घाबरले होते, मी म्हणाले, आणि तिला ते पटलं. पण घाबरले होते ते तू बोलायच्या आधी. तू पिंपाचं बोललीस आणि सगळ्या नजरा माझ्यावरून उठून तुझ्याकडे वळल्या, तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आई.