कंपनी कोणाची मुलगी

इबादान,
गुरुवार, दुपार (लाइट गेलेली)

तीर्थरूप मामांस,

मोकेचा दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून नमस्कार. (खरोखर टेकवले होते. मग लक्षात आलं की तसं बसून लिहिता येत नाही, म्हणून आता खुर्चीत आहे.) तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? मामीने आणलेलं तेल चोळता, की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? मामीचे यामचे कंद यंदा जमिनीतून कसे निघाले? शेजाऱ्यांची बकरी अजून तुमच्या ओसरीवर येऊन बसते का, आणि तुम्ही अजून तिला इंग्रजीतूनच हाकलता का? इकडे मी ठीक आहे. म्हणजे परवापर्यंत नव्हते, आणि त्याला कारण तुम्ही आहात, पण ते ओळीने सांगते.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही मामीला विचाराल. कारण सरळ आहे. तुम्हाला फोनवर काही लिहिलं की तुम्ही त्याचं उत्तर साऱ्या जगाला वाचता येईल अशा ठिकाणी देता. पत्राचं उत्तर निदान पाकिटात घालावं लागतं.

माझ्या दुकानाचं तुम्हाला माहीतच आहे. इसेयिन गावच्या विणकरांकडून हातमागाचं आशो-ओके कापड घ्यायचं, त्याचे फोटो काढायचे आणि फोनवरून विकायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण हल्ली फोनवरून विकणाऱ्यावर विश्वास ठेवतो कोण? प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी बाई असतेच, जिने पायघोळ झगा मागवला आणि पार्सलातून बाहुलीचं झबलं निघालं. तेव्हा मी ठरवलं, आपण मोठं दिसायचं. 'रॉयल हेरिटेज फॅब्रिक्स' असं नाव ठेवलं. 'मी' हा शब्दच टाकून दिला, जिकडे तिकडे 'आम्ही'. आमचा रंग विभाग, आमचा पाठवणी विभाग, आमचा तक्रार विभाग. (हे सगळे विभाग एकाच टेबलावर जेवतात आणि एकाच पंख्याखाली घाम पुसतात.) तक्रारी ऐकायला मिस्टर डॅनियल नेमले. मिस्टर डॅनियल म्हणजे मीच, नाक चिमटीत धरून.

मग मैत्रिणी म्हणाल्या, नुसतं नाव असून भागत नाही, दुकानाच्या पानावर चार बरे शेरे हवेत. म्हणून मी नात्यातल्या सगळ्यांना एक तयार वाक्य पाठवलं: उत्तम कापड, वेळेवर मिळालं, धन्यवाद रॉयल हेरिटेज. सगळ्यांनी ते जसंच्या तसं चिकटवलं. (बोसे मावशीने तर त्याच्या खालचं 'चिकटवून झालं की हा निरोप पुसून टाक' हेसुद्धा चिकटवलं.) आणि तुम्ही? तुम्हाला मी टोपी पाठवली, पाच स्टार दाबा म्हणून विनवलं. तुम्ही तीन दाबलेत. वर हे लिहिलंत, मला आता पाठ झालंय:

"सर्वांस यथायोग्य नमस्कार. टोपी मिळाली. वीण घट्ट, रंग पक्का, धुऊन पाहिला. परंतु टोपी डोक्यास लहान होते. माप विचारण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत. जाहिरातीत 'हेरिटेज'चे स्पेलिंग दोन ठिकाणी चुकले आहे. विकणारी आमच्या घरची मुलगी आहे. लहानपणी फार रडत असे, पण कामाला चोख. कापडात दोष निघाल्यास ओग्बोमोशोला मोठ्या चर्चमागे माझ्याकडे यावे, मी तिला बोलावून घेईन. सुधारणेस वाव आहे. आयान्वाले, निवृत्त मुख्याध्यापक."

वाचून मी उशीत तोंड खुपसलं. एवढ्या कष्टाने उभी केलेली रॉयल हेरिटेज, तिची तुम्ही एका दमात रडकी मोके केलीत. तुम्ही आयुष्यात कोणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत हे मला माहीत आहे, पण मी काय भूगोलाच्या पेपराला बसले होते?

त्याच आठवड्यात बोदिजा बाजारच्या अल्हाजा सिदिकात यांचा निरोप आला. मिरची-कांद्याचा घाऊक व्यापार, हज करून आलेली बाई, बाजारात शब्दाला वजन. त्यांच्या लेकीचं लग्न, आणि घरच्या सगळ्या बायकांना एकाच रंगाचं आशो-ओके हवं. मामा, हे काम मिळालं तर दुकान टिकणार होतं. नाही तर महिनाअखेर ते बंद करून मी पुन्हा त्या दातांच्या डॉक्टरच्या दारात पेशंटची नावं पुकारायला बसणार होते.

अल्हाजांनी आधी रीतीने विचारपूस लिहिली होती. सकाळची, उन्हाची, धंद्याची, घरच्यांची, बसले असेन तर बसल्याची. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचा वेगळा नमस्कार असतो आणि त्यांनी एकही सोडला नव्हता. मी नेमकी तेव्हा पार्सलं द्यायला बाहेर. मी नसताना फोनने आपणहून उत्तर द्यावं अशी सोय मोठ्या हौसेने करून ठेवली होती. त्याने दिलं: हाय डिअर, आधी पैसे, मग ऑर्डर. माझ्या आजीच्या वयाच्या बाईला. डिअर.

तासाभरात त्यांचा फोन. मी घाबरून मिस्टर डॅनियलना पुढे केलं.

"हे बघ डॅनियल," अल्हाजा म्हणाल्या, "मी मिरची विकते. गिऱ्हाईक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघतं. तुझ्या फोनमध्ये मी हात कुठे घालू, सांग." डॅनियल म्हणाले, पाठवणी विभागाकडे जोडून देतो. "तुझ्याच्याने नाही व्हायचं. दुकानवालीला दे." मी नाक सोडलं. तर पहिलाच प्रश्न: "कोणाची मुलगी तू?"

साधा प्रश्न. आपल्याकडे भाजीवालीसुद्धा आधी तेच विचारते आणि मग भाव सांगते. पण मला तो कायम नकोसा. बाबांचं नाव सांगावं तर पुढचं येतंच, हल्ली कुठे असतात; आणि पोर्ट हार्कोर्टला गेलेला माणूस तिकडचाच होऊन बसला, हे मिरचीवालीला काय सांगायचं? खरं सांगू, कंपनी काढण्यात मला तेच बरं वाटलं होतं. म्हणून मी ऐटीत म्हटलं, "अल्हाजा, ही कंपनी आहे. कंपनी कोणाची मुलगी नसते." त्या म्हणाल्या, "बरं. मग कंपनी पळाली तर मी कोणाच्या दारात जाऊन बसू?" आणि फोन ठेवून दिला.

पुढचे दिवस मी सगळा राग तुमच्यावर काढला. तुम्ही समोर नव्हता म्हणून पंख्यावर काढला. आणि मंगळवारी पुन्हा त्यांचा फोन. "डॅनियल आहे का? त्याला म्हणावं, लहानपणी रडायची ती मुलगी दे." त्यांच्या लेकीने माझं पान उघडून एकेक शेरा वाचून दाखवला होता. अल्हाजांचं म्हणणं असं पडलं, की तिथे सगळी माणसं एकाच तोंडाने बोलतात, एक बाई तर पुसून टाकायला सांगते, आणि शहाणा असा एकच आहे, जो टोपी लहान झाली म्हणतो आणि आपलं घर कुठे ते सांगतो. "पाच स्टार देणारा काहीतरी खाऊन बसलेला असतो," त्या म्हणाल्या. "तीन देणाऱ्याने कापड धुऊन बघितलेलं असतं." मी फोनसमोर गुडघ्यांवर होते. (फोनला दिसत नाही, माहीत आहे. आवाजात कळतं.) त्यांनी माझ्याकडून राहिलेले सगळे नमस्कार वसूल केले, उन्हाचासुद्धा, आणि मगच कापडाचं काढलं.

तरी माझं म्हणणं कायम आहे, घरच्या माणसाने चारचौघांत असं लिहू नये. स्पेलिंग सुधारलं आहे. मिस्टर डॅनियलना नोकरीवरून काढलं, त्यांनी काही तक्रार केली नाही. मामीला गुडघे टेकून नमस्कार, बकरीला काही नाही.

तुमची,
मोके

ता. क. अल्हाजांनी काम अजून दिलेलं नाही. शनिवारी सकाळी बहिणींना घेऊन कापड उन्हात धरून बघणार, मग ठरवणार. इथे नाही, तुमच्याकडे. 'माझ्याकडे यावे' हे तुम्हीच लिहून बसला आहात. हे पत्र आज संध्याकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देते; इसेयिनचा गठ्ठा उद्या, शुक्रवारी, तुमच्या दारात उतरेल. मीही त्याच दिवशी येते. ओसरी झाडून घ्या, मामीला यामच्या पिठाचा अमाला जरा जास्तीचा घोटायला सांगा, आणि टोपी घाला. लहान होत असली तरी घाला.

आणखी एक. तो शेरा आता काढू नका. दया येऊन स्टारही वाढवू नका.

शेवटचं. फोन ठेवताना अल्हाजांनी पुन्हा तेच विचारलं, कोणाची मुलगी. मी म्हटलं, आयान्वाले मास्तरांची. त्या म्हणाल्या, म्हणजे ते तुझे वडील. मी हो म्हटलं, मामा. अडखळलेसुद्धा नाही. शनिवारी त्या तुम्हालाही विचारतील. दिसेल ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची तुमची सवय मला माहीत आहे. ही एवढी करू नका.