बाबांच्या सासुरवाडीची माणसं

प्रिय हार्लन,

यंदा चिल्कट नदीत सॅमन मासे उशिरा चढले, त्यामुळे गरुडही उशिराच आले. आता मात्र घरामागच्या प्रत्येक झाडावर पांढरी डोकी दिसतात. मी चहा ठेवला की बाबा बूट शोधायला लागतात. "सासुरवाडीची माणसं आलीत, भेटून येतो!" आई गरुडांच्या कुळातली होती, आपण दोघंही तिच्याच कुळातले, ते एकटेच कावळ्यांकडचे. हा विनोद ते लग्नापासून करत आलेत, पण आता दिवसातून दहा वेळा करतात. मी दहाही वेळा हसते, रे. मग त्यांच्या पायांत बूट चढवते, हाताला धरून नदीवर नेते, परत आणते, ओले कपडे बदलते. झोपेचं तर विचारूच नकोस.

मंगळवारी दुपारी चुलीवर सूप ठेवलं आणि खुर्चीत माझा डोळा लागला. जाग आली तर दार सताड उघडं, बाहेर बर्फात पावलं उमटलेली. मी कोट अडकवून धावले. बाबा खाली नदीच्या पाण्यालगत, अंगात कोट नाही, बर्फावर मांडी घालून बसलेले. चार हातांवर पाच-सहा गरुड मेलेला मासा ओरबाडत होते. बाबा इतके स्तब्ध, की पाखरांना त्यांची भीतीच वाटत नव्हती. मी जवळ गेले तर कुजबुजले, "हळू, बाई, उडतील. तुम्ही कुणाच्या?"

"रूथची मुलगी," मी म्हटलं.

"म्हणजे गरुडांकडच्या! मग बसा की, लाजता काय?"

मला 'तुम्ही' म्हणाले, हार्लन. मी माझा कोट त्यांच्या अंगावर घातला आणि शेजारी बसले. एक थोराड मादी पंख पसरून माशावर चढली, तशी बाकीची मागे सरकली. बाबा खुदकन हसले. "हुबेहूब रूथ! पहिला घास हिचाच." त्यांची दोन बोटं बधिर झाली होती, आता बरी आहेत.

फोनवर तुला इतकंच सांगितलं. एक गोष्ट गिळली. वरून बाबा दिसले तेव्हा मी लगेच खाली उतरले नाही. काठावर उभी राहिले. ते सुखात दिसत होते आणि मी फार थकले होते. मनात आलं, राहू दे आता. किती वेळ गेला, ठाऊक नाही. ते कुडकुडायला लागले तेव्हा कुठे माझे पाय हलले. मला माझीच भीती वाटते, हार्लन. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. महिनाभर तरी ये. शुक्रवारची बोट धर.

तुझीच,
व्हर्ना