रकाना सातवा

१८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नऊ वर्षं आपण एकमेकींना फक्त वाढदिवसाची कार्डं पाठवतो, म्हणून एवढं जाड पाकीट पाहून घाबरू नकोस. इकडे सगळे जिवंत आहेत. मी तुझ्याकडे यायचं म्हणते आहे. माझा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतो. पासपोर्ट नवा मिळेल, आपण दोघी काही नव्या मिळणार नाही.

विमानाने यायचं तर आधी दोन राजधान्या हिंडाव्या लागतात. रस्त्याने तू एका डोंगरापलीकडे आहेस. आमच्या ह्यांनी लाल पेन्सिलीने नकाशा काढलाय. सकाळी सहाची बस दुपारी सीमेवर सोडते. ती पलीकडे जात नाही. आमच्या फाटकापासून तुमच्या फाटकापर्यंत पाचशे पावलं चालायचं, आणि मधली जागा कुणाचीच नाही. तिथे बायको पडली तर कोणत्या देशाने उचलायचं, असं ह्यांनी कचेरीत विचारलं. त्यांनी पडू देऊ नका म्हणून सांगितलं. ह्यांच्या गुडघ्यांना पाचशे पावलं झेपायची नाहीत, तेव्हा मी एकटीच येणार. चष्म्याच्या दुकानातून रजा मिळेल. मालक मला रजेवर पाठवायला निमित्तच शोधत असतात.

ऑक्टोबरअखेर खिंडीत बर्फ पडून रस्ता सहा महिने बंद होतो, म्हणून त्याआधी यायला हवं. व्हिसासाठी तुझं निमंत्रण लागतं. तुमच्याकडच्या परवाना कचेरीत छापील अर्ज मिळतो, तो भरून, शिक्का घेऊन पाठव. मी यायला नको असेन तर तसं कळव, कार्डावर चालेल.

लोभ आहे तेवढा असू दे.

तुझी,
बेबी


२ सप्टेंबर

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. ये.

आईच्या खोलीतली गादी उन्हात घातली. खिडकी अजून अडते, खालून गुडघा लावला की उघडते. आमच्या फाटकापासून जीप मिळेल, तिच्यात ड्रायव्हरशेजारीच बस. मागे बसलीस तर तो घाटात मागे वळून गप्पा मारतो.

अर्जाचं मात्र अडलंय. कचेरीत खिडकीवर बसते ती तारघरातल्या माझ्या सहकाऱ्याची लेक. तिने खुर्ची दिली, पेन दिलं. सहा रकाने मी एका दमात भरले. सातव्यात छापलंय, 'निमंत्रित व्यक्तीशी आपले संबंध सलोख्याचे आहेत काय?' तिथे पेन थांबलं. ती म्हणाली, मावशी, सगळे होय लिहितात, सासूला बोलावणारेसुद्धा. मी रकाना कोरा सोडला. तिने कागद आत साहेबांकडे नेला. कोरा चालत नाही, असं सांगून त्यांनी परत पाठवला.

खाली 'वरील माहिती खरी आहे' म्हणून सही करायची असते. आणि शाळेत मदरनी आपल्याला काय शिकवलंय ते तू जाणतेस. बोललेलं खोटं विरून जातं, लिहिलेलं खोटं तारखेसकट राहतं. तेव्हा तिथे काय लिहू ते तूच कळव.

गरम कपडे आण. तुझ्या ह्यांना गुडघे शेकायला सांग.

तुझी,
ताई


१४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

होय लिहून टाक. सगळं जग लिहितं.

एवढं लिहून मी कागद दोन दिवस तसाच ठेवला. तुझ्या जागी मलाही होय लिहिता आलं नसतं. ह्यांचं म्हणणं, तुम्ही दोघी चांगल्या शाळेत गेलात तिथेच बिघडलं. पण तू होय लिहिलं असतंस तर मी आले असते, खिडकीबद्दल तक्रार केली असती, चार दिवस हवापाण्यावर बोललो असतो आणि मी परत फिरले असते.

माझ्या अर्जात एक ओळ आहे, 'मागील भेट केव्हा व कशानिमित्त?' मी लिहिलं, आई गेली तेव्हा, आणि तीही उशिरा. ताई, चौतीस वर्षं तू तारघरात होतीस. अख्ख्या गावाची सुखदुःखं तू तासाभरात पोचवलीस. आईचं दुखणं वाढल्याचं मला साध्या टपालाने कळवलंस. मी पोचले तेव्हा सगळं आटोपून सहा दिवस झाले होते. वादळाने तारा तुटल्या होत्या, असं तिथे कुणीतरी सांगितलं. तू काहीच बोलली नाहीस. मी काही न विचारता बॅग उचलली आणि निघाले.

आता विचारते. तार का केली नाहीस?

ह्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून सांगितलंय, निमंत्रण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आलं तरच यंदा जमेल.

उत्तराची वाट पाहते.

तुझी,
बेबी


२४ सप्टेंबर

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तारा तुटल्या नव्हत्या. वादळ आदल्या आठवड्यात होऊन गेलं होतं. लोकांनी मला सबब दिली आणि मी ती ठेवून घेतली.

त्या सोमवारी मी कामावर होते. 'आई अत्यवस्थ, लगेच निघ' असं फॉर्मवर लिहूनही झालं होतं. तो मी घडी करून पर्समध्ये ठेवला. डॉक्टर म्हणाले होते, चार-पाच दिवस. अकरा वर्षं ती अंथरुणावर होती. तिला भरवणं, पुसणं, कूस वळवणं, सगळं मीच केलं. ती मात्र रोज सकाळी विचारायची, बेबीचं पत्र आलं का. तू आलीस की ती तुझ्याकडे तोंड करून निजेल, असं माझ्या मनाने घेतलं. ते दिवस मला एकटीला हवे होते. म्हणून तुला साधं पत्र टाकलं, म्हणजे कळवलंच नाही असं कुणी म्हणायला नको.

ते दिवस मला मिळाले. त्या दिवसांत ती मला बेबी म्हणून हाक मारत होती. मी ओ देत होते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे. सातव्या रकान्यात काय लिहायचं ते आता सगळं कळल्यावर सांग. काही लिहायचं नाही असं ठरवलंस, तर गादी मी उचलून ठेवीन.

तुझी,
ताई


३ ऑक्टोबर

ती. ताईस,
न. वि. वि. या वेळी साष्टांग मुद्दाम गाळलाय.

पत्र दुकानातच उघडलं. त्यानंतर एका गिऱ्हाईकाला मी दुसऱ्याचाच चष्मा दिला. छान दिसतंय म्हणून तो घेऊनही गेला.

तुला क्षमा केली असं लिहिता येत नाही, कारण ते खरं नाही. नुसता राग आलाय, हेही खरं नाही. तिने मला हाक मारली, आणि ओ द्यायला कुणीतरी होतं. त्याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझ्याशी कडकडून भांडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही गोष्टी पत्राने व्हायच्या नाहीत.

सातव्या रकान्यात लिही, 'नाहीत, म्हणूनच बोलावते आहे.' खाली सही कर. साहेबांनी नाक मुरडलं तर त्यांना माझं हे पत्र दाखव, आणि तातडीच्या टपालानेच पाठव.

मी सात दिवसांचा व्हिसा मागणार होते. ते खोडून तीस लिहिलेत. त्याहून जास्त मागता येत नाहीत. भांडणात किती दिवस जातील याचा अंदाज नाही, आणि ते झाल्यावरही काही दिवस हाताशी हवेत. मधेच बर्फ पडून खिंड बंद झाली तर काय, असं ह्यांनी विचारलं. मी बॅगेत आणखी एक स्वेटर टाकला. तेव्हापासून ते स्वयंपाक शिकताहेत.

फाटकाशी घ्यायला ये. आणि आई सकाळी माझ्याबद्दल काय काय विचारायची ते आठवून ठेव. मला ते सगळं ऐकायचंय, तुला सांगताना कितीही जड गेलं तरी.

लोभाचं आल्यावर बघू.

तुझी,
बेबी