डावा पाय

१८ डिसेंबर
संघरत्ना डावा पाय ओढते! संस्थेतून घरी आणली तेव्हा तुरुतुरु चालायची, मी स्वतः पाहिलंय. पाच वर्षांची पोर. येऊन चारच महिने झालेत, दत्तकाचा आदेश अजून व्हायचाय.

२० डिसेंबर
पौर्णिमावन्सं मुरबाडहून आल्या. पोरीला अंगणात चालवून बघितलं. “वयनी, बैल घेतानापन चालवून बघतात गो! तुमी पोर आणलीत ती नुसतं तोंड बघून.” मग ठेवणीतलं — “खाण तशी माती. कुनाचं रगत, आपल्याला काय ठाव?”
मी कॉलेजात आनुवंशिकता शिकवते. उत्तर देता आलं असतं. दिलं नाही, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. काही आजार उशिराच डोकं वर काढतात.

२३ डिसेंबर
इंद्रजीतला भातसानगरच्या ऑफिसातून सुट्टी नाही. मीच तिला शहापूरला डॉक्टरांकडे नेलं. हाडं ठीक, नसा ठीक. “आईवडिलांत कुणाला असं आहे?” मी म्हटलं, कोण होते तेच माहीत नाही.

२४ डिसेंबर
आजही ओढतेय.

२८ डिसेंबर
संस्थेच्या बाईंचा फोन. पायाचं सांगितलं. “शंका असेल तर आदेशाआधी सांगा.” मी म्हटलं, कळवते.
इंद्रजीत ऐकत होता. “कळवते म्हणजे?” एवढंच बोलला आणि पोरीला घेऊन दूध आणायला गेला. रोज दोघंच जातात.
खरं लिहिते — मला भीती वाटते. आजारी पोर मला झेपणार नाही.

४ जानेवारी
म्हसा गावची जत्रा. बैलबाजारात ती दोघं पुढे, मी मागे. एक म्हातारा दलाल पेंढ्यावर बसलेला, जन्म बैलांच्या चाली पारखण्यात गेलेला. आमची ना ओळख ना पाळख. मला म्हणतो, “बाय, ती दोगं तुझीच ना गो? पोर बापाचीच हाय! चाल सांगते. रगत लपत नाय.”
मी पुढे बघितलं. दोन डावे पाय, एकदमच ओढले जात होते!
मोटरसायकलवरून पडल्यापासून इंद्रजीत तसाच चालतो. इतक्या वर्षांत मला ते दिसेनासंच झालं होतं. वन्संनाही. सख्खी बहीण!
हसू आलं, मग रडू. म्हाताऱ्याला म्हटलं, “हो, बापाचीच.”
घरी येऊन इंद्रजीतला सांगितलं. त्यानं एकदा स्वतःच्या डाव्या पायाकडे बघितलं.

५ जानेवारी
बाईंना कळवलं — शंका नाही.
संध्याकाळी दोघं दुधाला निघाली. इंद्रजीत डावा पाय जपून, उचलून उचलून टाकत होता. पोरगीही — तश्शीच.